पक्ष्याचं नाव चुकेल म्हणून नोंदच टाकत नाही, काय करू?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही कळेल. विचारणारे सोलापूरचे आहेत. दोन वर्षं पक्षी बघतायत, वही ठेवतात, जिल्ह्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात आहेत, ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर खातंही उघडलंय, पण आजवर एकही नोंद टाकलेली नाही. मागच्या डिसेंबरात एका सकाळी घरामागच्या कडुलिंबावर एक पक्षी दिसला: वरून राखाडी, छाती-पोटावर तांबूस आडवे पट्टे, डोळ्याभोवती पिवळं, कबुतराएवढा. फोटो मिळाले. शिक्रा की बेसरा (दोन्ही छोटे, सारखे दिसणारे शिकारी पक्षी) हे ठरेना, म्हणून ते आठ महिने मोबाइलमध्येच पडून आहेत. जाता जाता त्यांनी लिहिलंय की फांदीवर उतरल्यावर पक्षी शेपूट डावी-उजवीकडे हलवत होता. हे वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचंय. शेवटी त्यांचा प्रश्न: "आधी नीट शिकावं आणि मग नोंदी टाकायला लागावं का? गटात सगळे जाणकार आहेत, चुकलो तर इज्जत जाईल."

आधी नीट शिकून मग टाकू, हा बेत बहुतेकांचा असतो आणि तो बहुतेकांचा फसतो. पक्षी ओळखणं पुस्तक वाचून अर्धंच येतं. उरलेलं अर्धं येतं ते तुमच्या फोटोवर, तुमच्या जागेच्या पक्ष्यावर कुणीतरी "इथे बघा, ही खूण" म्हणून बोट ठेवतं तेव्हा. फोटो दाखवलाच नाही तर ते बोट कशावर ठेवणार? दोन वर्षं एकट्यानं बघितल्यावर डोळा तयार होतो, पण त्या डोळ्याला लागलेल्या चुकीच्या सवयीही तितक्याच पक्क्या होतात, आणि त्या दुसऱ्यालाच दिसतात.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. तुम्ही दोन गोष्टी एकच समजून चाललायत: जे दिसलं ते, आणि त्यावरून तुम्ही काढलेलं नाव. दिसलेलं चुकत नसतं. राखाडी पाठ, तांबूस पट्टे, कबुतराएवढा आकार, कडुलिंब, सकाळची वेळ हे सगळं आहे तसं आहे. चुकू शकतं ते नाव. ही दोन वेगवेगळी लिहायची सवय लागली की भीती निम्म्यावर येते, कारण नाव बदललं तरी तुमचं निरीक्षण जागच्या जागी राहतं. वहीचं पान उभी रेघ मारून दुभागा. डावीकडे फक्त पाहिलं-ऐकलं, उजवीकडे वाटलं. डाव्या बाजूला "शिक्र्यासारखा" हा शब्दही नको. तो उजवीकडचा आहे.

आता परिस्थितीनुसार काय बदलतं ते आधीच सांगून टाकतो. तुमचा गट कसा आहे यावर बरंच अवलंबून आहे. काही गट फोटोग्राफरांचे असतात, तिथे नावापेक्षा फोटोला दाद मिळते आणि नाव चुकलं तरी कुणी बोलत नाही, म्हणजे शिकायलाही मिळत नाही. काही गटांत दोन-तीन ज्येष्ठ असतात आणि त्यांच्यापुढे कुणी तोंड उघडत नाही. काही गट खरोखर तुसडे असतात, "एवढंही माहीत नाही?" हे वाक्य तिथे आठवड्याला दोनदा येतं. अशा गटात धीटपणाची परीक्षा द्यायची गरज नाही. महिनाभर नुसतं वाचा, नवख्याच्या चुकीला तिथे कसं उत्तर मिळतं ते बघा. खूण सांगून दुरुस्त करतात की नुसतं नाव फेकतात? खूण सांगणारे एक-दोन जण सापडले तरी पुरे. तेही नसतील तर दुसरा गट धरा, किंवा थेट ई-बर्डपासून सुरुवात करा. तिथे टाळ्याही नाहीत आणि टोमणेही नाहीत.

ई-बर्डबद्दल नवख्यांच्या मनात एक भलतीच धास्ती असते: माझ्या चुकीच्या नोंदीमुळे शास्त्राचं वाटोळं होईल. तसं होत नाही, कारण यंत्रणाच चूक धरून बांधलेली आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन सोसायटीने २००२ साली हे सुरू केलं, तेव्हापासून नोंदी देणारे बहुतांश हौशीच आहेत. प्रत्येक भागासाठी आणि महिन्यासाठी एक गाळणी असते: या महिन्यात इथे हा पक्षी साधारण किती दिसू शकतो. तुम्ही त्याबाहेरचं काही टाकलंत की नोंद अडते, अ‍ॅप तपशील मागतं, आणि पुढे एक स्वयंसेवक परीक्षक ती बघतो. मान्य होईपर्यंत ती सार्वजनिक नकाशात येत नाही, तुमच्या स्वतःच्या यादीत मात्र राहते. परीक्षकाचा मेल आला की लोकांच्या पोटात गोळा येतो. त्या मेलमध्ये बहुधा एवढंच असतं: या पक्ष्याबद्दल थोडं जास्त लिहाल का, फोटो असेल तर जोडाल का. तो आरोप नसतो. अनुभवी माणसालाही वर्षातून असे मेल येतातच, उलट जास्त येतात, कारण तो जास्त आडवाटेला जातो. आणि कुठलीही यादी कधीही उघडून पक्ष्याचं नाव बदलता येतं, वर्षांनंतरसुद्धा.

दुसरी धास्ती "पूर्ण यादी" या प्रश्नाची. यादी पाठवताना अ‍ॅप विचारतं, ही पूर्ण आहे का? लोकांना वाटतं, चार पक्षी ओळखता आले नाहीत म्हणजे अपूर्ण. तसा अर्थ नाही. तुम्हाला ओळखता आले ते सगळे लिहिले, मुद्दाम कुठला गाळला नाही, एवढाच प्रश्न आहे. कावळा, पारवा, साळुंकी "काय लिहायचं" म्हणून सोडलेत तर यादी अपूर्ण. ओळखता न आलेला वटवट्या राहिला तर पूर्णच. आकडा माहीत नसेल तर इंग्रजी एक्स टाकता येतो, पण अंदाजे आकडा त्याहून बरा.

आणि नाव जातीपर्यंत न्यावंच लागतं असंही नाही. हे ज्या दिवशी कळतं त्या दिवशी बऱ्याच जणांची गाडी सुरू होते. हिवाळ्यात सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर भोवत्या या शिकारी पक्ष्याची मादी लांबून जाते. ती पॅलिड जातीची की माँटेग्यू, हे मानेजवळची पट्टी आणि चेहऱ्यावरची नक्षी दिसल्याशिवाय सांगता येत नाही, आणि उडत्या पक्ष्यात ती दर वेळी दिसत नाही. ई-बर्डवर त्यासाठी "पॅलिड किंवा माँटेग्यू" अशी तिरकी रेघ घातलेली जोडनोंदच आहे. तेवढंही नसेल दिसलं तर नुसतं "भोवत्या, जात अनिश्चित". तलावाच्या पलीकडच्या काठावर पांढरे बगळे असतील तर "पांढरा बगळा, जात अनिश्चित" हीसुद्धा सन्मानाची नोंद आहे. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर तर कुळापर्यंत किंवा नुसतं "पक्षी" इतकंही टाकता येतं, बाकीचे खाली आणतात. माझ्या मते माणूस किती पक्षी ओळखतो यापेक्षा कुठे थांबतो यावरून त्याची पारख करावी. यादीत एकही अनिश्चित नोंद नसलेला माणूस दिसला की मला त्याच्या बाकीच्या नोंदींचीही शंका येते.

आता गटात टाकायचं कसं. बहुतेक जण एक अंधुक फोटो आणि खाली "हा कोणता?" एवढं टाकतात. त्याला उत्तर मिळत नाही किंवा पाच वेगवेगळी मिळतात. तुमच्या डिसेंबरच्या पक्ष्यासाठी मजकूर असा असायला हवा:

"शिक्रा वाटतोय, बेसरा तर नाही ना अशी शंका. सोलापूर शहर, घरामागचा कडुलिंब. डिसेंबर, सकाळी पावणेआठ. अंतर १५ मीटर, ८×४२ दुर्बीण, ऊन मागून. आकार कबुतराएवढा, शेपूट लांब. दिसलं: राखाडी पाठ, छाती-पोटावर तांबूस आडवे पट्टे, डोळ्याभोवती पिवळं. दिसलं नाही: गळा, पायाची बोटं. आवाज नाही. फांदीवर उतरून शेपूट दोन्ही बाजूंना हलवली. शिक्रा म्हणतोय कारण शहरात तोच जास्त दिसतो."

यातल्या "दिसलं नाही" या ओळीला मी सगळ्यात जास्त भाव देतो. ती लिहिली की तुम्ही चुकूच शकत नाही, कारण जे पाहिलं नाही त्याबद्दल तुम्ही काही म्हटलेलंच नाही. शिवाय उत्तर देणाऱ्याला कळतं की दुसऱ्या फोटोत काय शोधायचं. शेवटची "कारण" ओळही गाळू नका. नाव चुकलं तरी तुमचं कारण कुठे घसरलं ते समोरच्याला दिसतं, आणि तो तेवढाच खिळा ठोकतो. आकार सेंटिमीटरमध्ये लिहू नका, कुणालाच तो नजरेनं जमत नाही. चिमणी, साळुंकी, कबूतर, कावळा, घार या पाच मापांत जवळजवळ सगळं बसतं: "साळुंकीपेक्षा मोठा, कबुतरापेक्षा लहान".

फोटोबद्दल थोडं. पक्षी दिसला की आहे तिथून, आहे तसा एक फोटो आधी घ्या, मग जवळ सरका. सुंदर फोटोच्या नादात पक्षी उडतो आणि हातात काहीच राहत नाही. ओळखीला डोक्याचा फोटो पुरत नाही; चोच बाजूनं, पाय, शेपटीचं टोक आणि जमलं तर पसरलेला पंख, एवढं बघावं. आभाळाच्या पार्श्वभूमीवर पक्षी काळा पडतो, तेव्हा एक्स्पोजर एक पायरी वर न्या. उन्हातला बगळा पांढरा फटक होतो, तिथे पाऊण ते एक पायरी खाली. नंतर रंग गडद करू नका. कॉन्ट्रास्ट वाढवला की राखी कोतवाल काळा होतो, आणि मग साधा कोतवाल की राखी कोतवाल यावर वीस निरोप खर्ची पडतात. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि त्यातली तारीख-जागा पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, आणि तारीख-जागा मजकुरात लिहाच. आवाज असेल तर मोबाइलच्या रेकॉर्डरवर अर्धा मिनिट पुरतं. शेवटी तोंडानं जागा आणि वेळ बोलून ठेवा.

मर्लिन हे अ‍ॅप आवाजावरून नावं सुचवतं, आणि हल्ली निम्म्या चुका तिथून येतात. त्याचा दोष नाही, वापरणाऱ्याचा आहे. ते सुचवतं, तुम्ही ते कोर्टाच्या निकालासारखं घेता. सह्याद्रीत भीमराज दुसऱ्या पक्ष्यांचे आवाज इतके हुबेहूब काढतो की अ‍ॅप एका झाडावर चार जाती मोजतं. साधा कोतवालही शिक्र्याची नक्कल करतो. अ‍ॅपनं दाखवलेलं नाव तुम्ही स्वतः ऐकलेल्या किंवा पाहिलेल्याशी जुळलं तरच यादीत घ्या. "मर्लिननं दाखवलं" हे कारण म्हणून लिहिलंत तर गटात टोमणा मिळेल, आणि इथे मी टोमणा मारणाऱ्याच्या बाजूनं असेन.

आता नाव ठरवायची माझी रीत. पहिला प्रश्न: या जागी, या महिन्यात सगळ्यात नेहमीचा असा कोण? त्यापासून सुरुवात, आणि तो का नाही याचं कारण सापडलं तरच पुढे जायचं. नेहमीचा पक्षी विचित्र दिसणं हे दुर्मीळ पक्षी दिसण्यापेक्षा कैक पटींनी जास्त वेळा घडतं. पिल्लावस्थेतला रातबगळा तपकिरी, ठिपकेदार असतो आणि दर वर्षी कुणीतरी त्याला बिटर्न, म्हणजे बगळ्याच्याच कुळातला क्वचित दिसणारा दुसरा पक्षी, म्हणतं. विणीनंतर जांभळ्या शिंजीर नराचा झगझगीत रंग उतरतो, पोटावर फक्त एक काळी रेघ राहते, आणि लोकांना नवी जात सापडल्यासारखं वाटतं. उन्हाळ्याच्या शेवटी वंचकाच्या पाठीवर काळपट लाल पिसारा येतो. मळकट तपकिरी वंचक बघायची सवय असलेला त्याला ओळखतच नाही. कोकिळेची मादी तर किती जणांच्या वहीत "अनोळखी, ठिपकेदार" म्हणून बसली असेल.

बेसराचं तेच आहे. बेसरा हा दाट झाडीचा पक्षी, सह्याद्रीच्या जंगलात आहे, पण सोलापूर शहरातल्या कडुलिंबावर त्याचं नाव घ्यायला भक्कम पुरावा लागेल. शिक्र्याच्या गळ्यावर मधोमध एक बारीक रेघ असते, बेसराची ती जाड आणि ठसठशीत. छातीवरचे पट्टेही बेसराचे रुंद आणि ठळक. तुमच्या फोटोत गळा दिसत नसेल तर बेसरा हा पर्याय तिथेच बाजूला ठेवायचा. खोटा आहे म्हणून नव्हे, सिद्ध करता येत नाही म्हणून.

आता ते शेपटीचं वाक्य. शिक्रा फांदीवर ताठ बसतो. उतरल्यावर शेपूट अशी दोन्ही बाजूंना झुलवणं ही पावशाची लकब आहे. पावशा दिसतो इतका शिक्र्यासारखा की लहान पक्षी त्याच्या अंगावर धावून जातात: तीच राखाडी पाठ, तेच तांबूस पट्टे, तोच आकार, उडण्याची ढबही तीच. फरक जवळून दिसतो. शिक्र्याची चोच आखूड आणि आकड्यासारखी वाकलेली, पावशाची बारीक, जवळजवळ सरळ, टोकाला काळपट. शिक्र्याचे पाय लांब, नख्या जोरकस. पावशाचे आखूड, दोन बोटं पुढे आणि दोन मागे. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं, आणि तुम्ही लिहिलंयत ते "डोळ्याभोवती पिवळं" असं आहे, "डोळा पिवळा" असं नाही. बसण्याची पद्धतही वेगळी: पावशा आडवा, पंख किंचित खाली टाकून बसतो. पावसाळ्याच्या तोंडावर हाच पक्षी "पेर्ते व्हा, पेर्ते व्हा" करत अख्खं शिवार डोक्यावर घेतो, त्यामुळे जूनमध्ये तुम्ही त्याला डोळे मिटून ओळखलं असतं. डिसेंबरात तो बहुधा गप्प असतो, आणि गप्प पावशा भल्याभल्यांना शिक्रा वाटतो.

फोटो न बघता मी नाव ठाम सांगणार नाही. पण एक बघा: आठ महिने तुम्ही शिक्रा की बेसरा यात अडकलात, आणि उत्तर बहुधा त्या दोघांबाहेर होतं. ते एकट्यानं सुटण्यासारखं नव्हतंच, कारण जो पर्याय डोक्यात आलाच नाही तो पुस्तकात कोणत्या पानावर शोधणार? गटात मजकूर टाकला असता तर शेपटीच्या ओळीवर कुणीतरी दहा मिनिटांत थांबलं असतं.

दुरुस्ती कशी घ्यायची हेही शिकण्यासारखं आहे. कुणी नाव बदललं तर मूळ निरोप पुसू नका. पुसला की खालची चर्चा लटकते आणि पुढच्या नवख्याला त्यातून काही मिळत नाही. खाली लिहा: "बरोबर, चोच बघितलीच नव्हती. पावशा म्हणून नोंद दुरुस्त केली." माफी, "मी अजून नवीन आहे हो", हसरे चेहरे, यातलं काही लागत नाही. समोरचा नुसतं नाव फेकून गेला तर विचारा: "कोणत्या खुणेवरून?" हा प्रश्न ज्येष्ठांनाही विचारता येतो आणि विचारावा. तीस वर्षांचा अनुभव ही खूण नाही. चोच, गळा, पाय या खुणा आहेत. चांगल्या जाणकाराला हा प्रश्न आवडतो. ज्याला राग येतो त्याचं उत्तर तपासून घ्या. दोन जाणकारांत एकमत नसेल तर नोंद अनिश्चित ठेवा, बहुमत मोजत बसू नका. आयनॅचरलिस्टवर नाव पक्कं व्हायला दोन-तृतीयांशांहून जास्त सहमती लागते, पण तिथेही एकानं लिहिलं म्हणून दुसरा होकार देतो असं होतंच.

नावं स्वतःही बदलतात, हे लक्षात असलं की मन हलकं होतं. गाय बगळ्याच्या २०२३ मध्ये ई-बर्डवर दोन जाती झाल्या आणि आपल्याकडचा "पूर्वेकडचा" ठरला. पुढच्याच वर्षी शिक्रा आणि बेसरा अ‍ॅक्सिपिटर या प्रजातीतून टॅकिस्पायझामध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शास्त्रीय नावाचा पहिला शब्दच बदलला. जन्मभर पक्षी बघणाऱ्यांनाही वहीत खाडाखोड करावी लागली.

मग भीती कुणाची बाळगायची? अशा चुकांची, ज्या कुणालाच दिसत नाहीत. नाव चुकलं तर गाळणी पकडते, फोटो पकडतो, गटातला कुणीतरी पकडतो. जागा, तारीख किंवा आकडा चुकला तर ती नोंद बहुधा कुठेही न अडता आत जाते. सोलापूरहून उजनीपर्यंत दिवसभर फिरून सगळे पक्षी उजनीच्या एका ठिपक्यावर टाकणं ही फार सर्रास चूक आहे. त्यानं माळावरचे चंडोल पाण्यात जाऊन बसतात. जागा बदलली की यादी बदला. मी एका यादीत तास-दीड तास आणि दोन-तीन किलोमीटरांहून जास्त घेत नाही. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं असतं आणि वर्षभर कुणाच्या लक्षात येत नाही. अ‍ॅपमध्ये घाईत एकाऐवजी अकरा पडतात. सुचवणीत शेजारच्या नावावर बोट पडतं आणि राखी बगळ्याच्या जागी तित्तिर जातो. पाठवण्याआधी यादी वरून खाली एकदा वाचा, मिनिटभराचं काम आहे. आणि काही गोष्टी बरोबर असूनही टाकायच्या नसतात: विणीचं घरटं, घुबडाची दिवसा बसायची ढोली, माळढोकाची जागा. तिथे नुसता तालुका पुरतो, तोही आठवड्यानं.

प्रामाणिक चूक आणि खोटी नोंद यांतला फरक रानपिंगळ्यानं चांगला दाखवलाय. या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ चा. त्यानंतर १९१४ साली तापीकाठच्या मांडवीतून एक मिळाल्याची नोंद ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्ट्‌झहागन यांच्या नावावर होती, आणि पुढचे शोध त्या नोंदीला धरून झाले. नव्वदच्या दशकात अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी संग्रहातले नमुने तपासले तेव्हा ती नोंद बनावट निघाली. तो आधीच्याच एका संग्राहकाचा चोरलेला नमुना होता. ती वगळून, खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून शोध घेतला, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला. घोटाळा झाला तो मुद्दाम लिहिलेल्या खोट्यामुळे. कुणी साध्या पिंगळ्याला चुकून रानपिंगळा म्हटलं आणि फोटो जोडला, तर डोक्यावरचे पांढरे ठिपके बघून कुणीही पाच सेकंदांत दुरुस्त करतो, कारण रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं असतं. फोटोसकट केलेली चूक टिकत नाही.

सुरुवातीचा महिना मी असा सुचवेन. पहिला आठवडा रोज १५ मिनिटं घराच्या गच्चीवरून यादी, फक्त ई-बर्डवर. कावळे, पारवे, घारी, पोपट, काय असतील ते, आकड्यांसकट. यात चुकायला जागाच नाही, आणि बटण दाबायची सवय लागते. दुसऱ्या आठवड्यात हिप्परगा तलाव: टिटवी, शेकाट्या, हळदी-कुंकू बदक, खंड्या, वंचक, चित्रबलाक हे शंभर मीटरवरूनही ओळखू येतात. तिथेच पाणकावळे असतील. चोच आखूड, कपाळ उभं असेल तर लहान, चोच लांब, बारीक आणि डोळा निळसर-हिरवा असेल तर भारतीय, दूर असतील तर "पाणकावळा, जात अनिश्चित". तिसऱ्या आठवड्यापासून गटात आठवड्याला एकच शंकेचा पक्षी, वरच्या नमुन्याप्रमाणे. एकच, कारण रोज पाच फोटो टाकणाऱ्याला लोक उत्तर द्यायचं सोडतात. आणि त्याच काळात दुसऱ्या नवख्याच्या एका तरी फोटोला उत्तर द्या, नाव नाही सुचलं तरी खूण सांगा: "पायाची बोटं पिवळी दिसतायत, लहान बगळा असेल का?" दुसऱ्याच्या फोटोवर नजर जास्त थंड असते.

पहिला शंकेचा पक्षी कोणता टाकायचा हे तुमचं ठरलेलंच आहे. वरचा मजकूर उचला, चोच बाजूनं दिसते असा फोटो पहिला ठेवा, पाय दिसत असतील तर तो दुसरा. पहिल्या ओळीत "शिक्रा की बेसरा" याऐवजी "शिक्रा की पावशा" लिहा. आणि डिसेंबरची ती नेमकी तारीख वहीतून बघून घाला, अंदाजानं नको.